कुलुपावर फोटो सरांचा, कागदावर सही माझी

आधी इमॅन्युएल सरांचं नाव घेतो, मग काय घडलं ते सांगतो. मी अजून दुबईत एसी टेक्निशियन आहे, तो त्यांच्यामुळे. सर आफ्रिकेतल्या घानाचे, आमच्या टीमचे सुपरवायझर. मी गुहागरकडचा, नववीतून शाळा सोडलेला.

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका ऑफिस बिल्डिंगच्या रिसेप्शनसमोर आम्ही दोघं उभे होतो. माझी पाठ धरली होती म्हणून टूलबॉक्स सरांनी उचललेला, माझ्या हातात नुसती फाइल. चौथ्या मजल्यावर गार पाण्याचा एक गळका व्हॉल्व्ह बदलायचा होता. इथल्या मोठ्या बिल्डिंगमध्ये एसी म्हणजे पाइपांतून फिरणारं गार पाणी. व्हॉल्व्ह म्हणजे त्याचा नळच समजा.

बिल्डिंग मॅनेजर आले. आपल्याकडचेच, हिंदी बोलणारे. त्यांनी सरांना सांगितलं, व्हॅन तिथून काढ, ती व्हिजिटरची जागा आहे. सर टूलबॉक्स ठेवून बाहेर गेले. मग मॅनेजरांनी माझा हात हातात घेतला. "आप इंजिनियर हैं ना?"

मला जन्मात कुणी इंजिनियर म्हटलं नव्हतं. गावी तर वायरमनसुद्धा म्हणत नाहीत. मी म्हणालो, "जी."

त्यांनी लगेच वर्क परमिट पुढे केलं. ही काम करायची लेखी परवानगी. तिच्यात इन्चार्जचा एक चौकोन असतो आणि तिथे सही करायला एक कोर्स पास असावा लागतो. सर पास आहेत, मी नाही. पास नसताना सही केली तर आमच्या कंपनीत सरळ विमानाचं तिकीट काढून घरी पाठवतात. हे सगळं मला माहीत होतं. पण 'इन्चार्ज ते बाहेर व्हॅन लावतायत ते' एवढं म्हणायची भीती वाटली. भीती कसली, खरं तर म्हणावंसंच वाटलं नाही. सही केली, तीही इंजिनियरासारखी, खाली रेघ मारून.

सर परत आले, परमिट झालं का विचारलं. झालं म्हणालो.

वर जाऊन सरांनी मागचा मोठा नळ फिरवून पाणी बंद केलं आणि त्या नळाला आपलं लाल कुलूप घातलं. कुलुपाला फोटोचा आणि नावाचा टॅग. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आत माणूस काम करत असताना कुणी पाणी सोडू नये म्हणून ही पद्धत.

चाळीस मिनिटांनी मॅनेजर घाम पुसत आले. वरच्या ऑफिसात लोक उकाड्याने ओरडत होते. आत्ताच्या आत्ता पाणी सोडा म्हणाले. मी म्हटलं, चावी सरांकडे आहे.

"कौन सर?"

मी बोट वर केलं. शिडीवर सरांचे फक्त बूट दिसत होते, बाकीचे सर फॉल्स सीलिंगच्या आत.

मॅनेजरांनी टॅगवरचा फोटो बघितला. मग फाइल उघडून माझी रेघवाली सही बघितली. ही फसवणूक आहे, आत्ता तुमच्या ऑफिसला फोन करतो, असं म्हणून त्यांनी मोबाइल काढला. माझी मुलगी गावी आठवीत आहे. तिने नववीच्या पुढे जावं म्हणून मी इथे आहे.

सर खाली उतरले. हात पुसले. परमिट वाचलं, माझ्याकडे एकदाच बघितलं. मग त्यांच्या कामापुरत्या हिंदीत म्हणाले, "चूक माझी. परमिट वाचल्याशिवाय मी कुलूप घालायला नको होतं. काम थांबवलंय. नवीन परमिट माझ्या नावाने करू."

"पर आपने पहले बताया क्यों नहीं?"

"सांगणारच होतो. तुम्ही व्हॅन हलवायला सांगितलीत."

मॅनेजर गडबडले. "नहीं, मेरा मतलब वैसा कुछ नहीं था."

"कैसा, सर?" चहात साखर किती, असं विचारावं इतक्या गोडीने सरांनी विचारलं. आणि थांबून राहिले. मॅनेजरांचा मोबाइल खिशात गेला आणि पेन बाहेर आलं. तासाभरात एसी सुरू.

व्हॅनकडे गेल्यावर सरांनी दार उघडून धरलं. "या इंजिनियरसाहेब, पुढे बसा." सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "कुठल्याही बिल्डिंगमध्ये मी आधी वॉचमनच असतो. एकाने तर मला गाडीची चावी दिली. लावून दिली मी. चांगली गाडी होती." हसले. मग म्हणाले, "त्या माणसाची चूक एका मिनिटाची होती. तू ती चाळीस मिनिटं सांभाळलीस."

मग मी सगळंच सांगून टाकलं. सर सुपरवायझर झाले तेव्हा आम्ही कामगार राहतो त्या कॅम्पात आमच्या टीममधले दत्तारामदादा म्हणाले होते, आता ह्याच्या हाताखाली काम करायचं? मीही हसलो होतो. वर त्यांच्या रंगावरून आम्ही एक नाव पाडलं होतं. गावी शाळेत मलाच काळ्या म्हणायचे. तेच मी इथे दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळा झालो.

"ते नाव मला माहीत आहे," सर म्हणाले. "दोन वर्षं तुमच्याबरोबर व्हॅनमध्ये बसतोय. तुमची गाणी तेवढी कळत नाहीत."

सरांनी ऑफिसला स्वतःच कळवलं, पण चुकीची सही कुणाची ते सांगितलं नाही. ऑफिसने वॉर्निंग लेटर त्यांनाच दिलं. परमिट न वाचता काम सुरू केलं म्हणून. त्यामुळे त्यांचं प्रमोशन वर्षभर लांबलं. मी खरं सांगायला निघालो तर त्यांनी अडवलं. "खलास. आत्ता बोललास तर तुझं तिकीट निघेल. आधी कोर्स पास हो, मग काय बोलायचं ते बोल."

कॅम्पात मी दत्तारामदादांना हे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते सरांना इमॅन्युएलभाई म्हणू लागले, जणू पहिल्यापासून तसंच म्हणत होते.

मी शिकलो ते एवढंच, की सही करण्याआधी चौकोन कुणाचा आहे ते वाचावं. आणि कुणी आपल्याला इंजिनियर म्हटलं तर आधी मागे वळून बघावं, खरा कुणी उभा आहे का.

कोर्सची परीक्षा इंग्रजीत असते. सर मला रोज जेवणाच्या सुट्टीत दहा शब्द लिहायला लावतात. इन्शाल्ला पास झालो की ऑफिसात जाऊन लिहून देणार, त्या दिवशी सही माझी होती आणि दोषही माझा. इथे मराठीत लिहिलं. तिथे इंग्रजीत लिहीन. आणि खाली सही करीन, रेघ न मारता.