ताईंच्या पानावरची मोठी अक्षरं

आमच्या ह्यांना ऑफिसात ठिगळमास्तर म्हणतात. नोकरी गोदामातली, पण जीव अडकलेला कंपनीच्या वेबपानात. त्या पानावर सगळी खाती आपापल्या मागण्या, मंजुऱ्या, फायली टाकतात. ते नवं आलं तेव्हा जो तो कपाळावर हात मारून बसला होता. कुठलं बटण कुठं आहे, देवालाच ठाऊक! ह्यांनी इकडंतिकडं वाचून चार-चार ओळींच्या स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहिल्या आणि पानावर चिकटवल्या. रखडलेली मागणी लाल दिसायला लागली, नको ती बटणं गायब झाली. लोक खूश. घरातला नळ गळतोय तो अजून गळतोच आहे, ते जाऊ द्या.

ह्यांना ह्या कंपनीत कामाला लावलं ते ताईंनी. ताई म्हणजे सख्खी बहीण नव्हे, मागण्या तपासायच्या टेबलावरच्या बाई. औषधांची कुठली खोकी कुठल्या डेपोला जायची, ते त्या पान बघून ठरवायच्या. एकट्या बाईमाणसानं त्या खुर्चीवर आयुष्य काढलं होतं. निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांचं एकच मागणं होतं, की त्या खुर्चीवरून मानानं उठायचं.

आणि नेमके डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, पण समोर बघावं तर मधलंच धूसर. डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं काही होणार नाही. ताईंनी ते फक्त ह्यांना सांगितलं, वर कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. पान मोठं करून बघावं, तर अर्धे रकाने पडद्याबाहेर जायचे आणि येणारा-जाणारा विचारायचा, "काय हो ताई, दिसत नाही का?"

मग ह्यांनी आणखी एक ठिगळ लावलं. ताईंनी पान उघडलं की ते ओळखायचं आणि फक्त त्यांच्या टेबलावरच्याच मागण्या दाखवायचं, एका वेळी एक, काळ्यावर पिवळी, बोटाएवढी अक्षरं. बाकीच्यांना पान नेहमीसारखंच. हे घरी आले ते छाती फुगवून. मी म्हटलं, "अहो, हे साहेबांना सांगायला नको का?" तर म्हणे, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला त्यातलं काय कळतंय?" बरं बाई, नाही कळत!

पुढं सूचना आली. पानाची नवी आवृत्ती येणार, त्यात हातानं चिकटवलेल्या स्क्रिप्ट चालणार नाहीत. जे हवं असेल त्यासाठी अर्ज करा, कारण द्या, मंजूर झालेलं अ‍ॅड-ऑन, म्हणजे कंपनीचंच अधिकृत ठिगळ, मिळेल. ह्यांनी सगळ्यांसाठी अर्ज केले. लाल रंगासाठी केला, बटणांसाठी केला. ताईंचा राहिला, कारण तिथं डोळ्यांचं लिहावं लागणार होतं. मी विचारलं की म्हणायचे, "बघू, काढू काहीतरी वाट." हे 'बघू' मी लग्नापासून ऐकते आहे.

नवी आवृत्ती आली त्या सकाळी ताईंनी पान उघडलं, तर सगळं मुंग्यांएवढं. त्यांनी ह्यांना फोन लावला. हे अजून घरीच होते, मी शेजारीच उभी होते. हे म्हणाले, "ताई, आजचा दिवस कसाबसा रेटा. मी करतो काहीतरी."

त्यांनी रेटला. एका डेपोची खोकी दुसऱ्याच डेपोला गेली आणि जिथं औषध हवं होतं तिथले लोक हात हलवत परत गेले. चौकशी झाली, तेव्हा डोळ्यांचं बाहेर आलं. साहेब म्हणाले, "अहो, आधी बोलला असतात तर मोठा पडदा दिला असता, वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर दिलं असतं. तशी सोय आहे कंपनीत. पण तुम्ही लपवून काम केलंत." ताईंनी तिथंच राजीनामा लिहून दिला. निरोपसमारंभ नाही, काही नाही.

ह्यांचं जेवणच सुटलं. शेवटी मीच ओढून त्यांना ताईंच्या घरी नेलं. ताईंनी दार उघडलं, पण ह्यांना ओळखलं ते आवाजावरून.

"ताई, माझं चुकलं. मी वेळेवर अर्ज करायला हवा होता."

"अर्जाचं काय घेऊन बसलास?" ताई म्हणाल्या. "बस आधी. वहिनी, तुम्ही पण बसा."

हे बसले नाहीत. "तुम्ही शपथ घातली होतीत, म्हणून मी…"

"घातली होती. घाबरले होते रे मी! घाबरलेलं माणूस काहीही म्हणतं." त्यांनी ह्यांच्या हाताचा अंदाज घेतला आणि तो धरला. "साहेबांचं मी ऐकलं नसतं, डॉक्टरांचं ऐकलं नाही. पण तू एकदा जरी म्हणाला असतास ना, 'ताई, सांगून टाका, मी येतो बरोबर,' तर मी सांगितलं असतं."

ह्यांची बाजू घ्यायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. घेण्यासारखी बाजूच नव्हती.