मास्तरांची डावखुरी कात्री

कोणतीही कात्री हातात आली की मास्तर आधी ती कानाजवळ नेऊन दोनदा रिकामी चालवायचे. "आयक गो," म्हणायचे, "ही मेरठची. गाडीच्या जुन्या स्प्रिंगचं पोलाद." आतून काकू ओरडायच्या, रिकामी कात्री चालवली तर घरात भांडण होतं. मास्तर म्हणायचे, असलं काही नसतं. मग त्यावरून दोघांचं तासभर भांडण व्हायचं.

बोरीवलीत आमच्या समोरच्याच दारात राहायचे. चाळीस वर्षं कोट-सफारीचे कटर. मी ब्लाउज शिवते, म्हणून माझ्यावर भारी जीव आणि माझ्या कात्रीवर भारी राग. तिला ते 'नखं कापायची' म्हणायचे. खरी कात्री बारा इंची, दांडा वाकडा; म्हणजे खालचं पातं टेबलाला लागून सरकतं आणि जाड कापड उचललं जात नाही. ओतीव लोखंडाची ठक्क वाजते, ठोकून घडवलेली सुर्रकन चालते. हे मी किती वेळा ऐकलंय ते विचारू नका. एकदा तर सोसायटीच्या माळ्याची झाडं छाटायची कात्रीही त्यांनी कानाला लावली. माळी त्यांना बघून रस्ता बदलायला लागला.

हा नाद कशापायी, ते काकूंनी एकदा सांगितलं. मास्तर डावखुरे. ते कामाला होते ते दुकान बंद झालं तेव्हा ते तापाने घरी पडलेले, आणि त्यांची विलायती डावखुरी कात्री सामानाबरोबर भंगारात गेली. तेव्हापासून दिसेल ती कात्री तपासायचे. खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं.

मग मीही भंगाराची दुकानं पालथी घातली. वर्षभराने एकाकडे मिळाली. बारा इंची, विलायती, डावखुरी! धावतच आणली. मास्तरांनी ती चालवली नाही. डावा अंगठा कडीत घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"माझी नाय," ते म्हणाले. "कडी दुसऱ्याच अंगठ्याने झिजलीय. कुणा डावखुऱ्याची असेल, तोही शोधत असेल. परत ठेवून ये."

मी ती घेऊन तशीच परत गेले. वर भंगारवाल्याला बजावलं, पुढेच टांग, दिसेल अशी. त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलंय.

मास्तर जाऊन दोन वर्षं झाली. भंगारात मोठी कात्री दिसली की मी अजून डावा अंगठा घालून बघते. त्यांचा अंगठा केवढा होता, ते मात्र मी कधी नीट बघितलंच नाही.