आमच्या बाजूने बोलणारा

मरोळच्या ऑफिसात मी अमेरिकेतल्या राजकीय चर्चांच्या व्हिडिओंना सबटायटल देतो. नियम एकच, ऐकू येईल ते जसंच्या तसं टाइप करायचं. सध्या तिथले दोन कडवे उजवे एकमेकांवर तुटून पडलेत. आधी दोघं एका सुरात बोलायचे. आता एक म्हणतो, परदेशी इंजिनीअर आणा, धंदा वाढेल. दुसरा म्हणतो, आधी आपली माणसं, बाकीच्यांना परत पाठवा.

त्या बाकीच्यांत माझा धाकटा भाऊ आहे, तिथे व्हिसावर नोकरी करणारा. म्हणून चारकोपला घरी पोचलो की आई विचारते, "तो बरो माणूस आज काय बोललो रे?" बरा म्हणजे 'परदेशी इंजिनीअर आणा' म्हणणारा. मी सांगतो, "भांडतोय आपल्यासाठी."

आज दुसऱ्याने त्याला विचारलं, आपलीच पोरं का नकोत? बरा माणूस हसला. म्हणाला, नोकरी गेली की या लोकांना देश सोडावा लागतो, म्हणून कितीही राबवा, तोंड उघडत नाहीत.

माझं डोकं फिरलं. हेडफोन काढून फेकावासा वाटला. तेवढ्यात सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला, आणि मी ते वाक्य एकही शब्द न गाळता टाइप केलं.