आधी बाईचं पान

डोमाजीच्या मांडवात पाटील येवो की तहसीलदार, नियम एकच. आधी बाईचं पान. बाईनं पहिला घास गिळल्याशिवाय नवऱ्याला पाणीसुद्धा नाही. भले भले मिशीवाले तिथं ताटकळत बसलेले मी पाहिलेत. एकाची मिशी तर वाट पाहता पाहता बोटभर वाढली. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण तो माणूस मला पुढे भेटला होता.

सत्तरच्या दशकात मी लाखांदूरकडे मास्तर होतो. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, जत्रा! आकाशपाळणा असा उंच की वरच्या पेटीत बसणाऱ्याला नागपुरात कोण दाढी करतोय तेही दिसावं. मजा चिक्कार, पण लेकराबाळांसकट, बायकांसकट नीट बसून जेवावं अशी जागा एकच : पाळण्याच्या पायथ्याशी डोमाजीचा मांडव. जुन्या लुगड्यांचे पडदे लावून त्यानं एकेका कुटुंबाला आडोसा केलेला. पळसाची पत्रावळ, वाफाळता भात, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि वरून कडकडीत फोडणीचं तेल. पडद्याआड परका पुरुष जायचा नाही. खुद्द डोमाजीही नाही. तो पडद्याखालून पान सरकवायचा.

एकदा एक गृहस्थ खवळला. "काहून जी, कमावते कोण? मी का ही?"

डोमाजीनं झाऱ्यावरचा वडा शांतपणे निथळला. "कमावता तुमीच जी. पण भूक तिले हाये. तुमी घरून खाऊन आले, तोंडाले कांद्याचा वास येऊन राह्यला."

पडद्याआडून बाई अशी हसली की मांडवाचे बांबू हलले. डोमाजी मात्र हसला नाही. तो कधीच हसत नसे. कढईशी उभा असताना सारखा मागे वळून पाही. मागे सरपणाचा ढीग, बाकी काही नाही. त्या ढिगाला तो हळूच म्हणे, "हाव, हाव. थांब जराशी."

कुणाला म्हणता, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यानं सांगितलं.

"नवं लगन होतं, मास्तर. तिची पह्यलीच मंडई. सकाळपासून उपाशी, तिथं सरपणापाशी बसली होती. मी म्हणलो, थांब, आधी गिऱ्हाईक जेवू दे. एक पंगत उठे, दुसरी बसे. दुपार ढळल्यावर मांगं पाह्यलो, तं कोणीच नाही."

लोकांनी त्याला लाउडस्पीकरपाशी ढकललं. आता चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं कसं? डोमाजी भोंग्यातून म्हणाला, "अवो, ऐकून राह्यली का? जेवाले ये!" झालं! अर्धी मंडई मांडवात लोटली. प्रत्येकीला वाटलं, आपलाच धनी बोलावतोय. दोघीतिघी तर भांडायलाच लागल्या, जन्मात एकदा बोलावलं आणि पान कुठाय म्हणून. सगळ्या आल्या. जिला बोलावलं होतं ती आली नाही.

मंडईशेजारच्या तळ्यात जाळी टाकून झाली. काही सापडलं नाही, तरी गावानं ठरवलं की बाई तळ्यात गेली. तेव्हापासून, मांडव ज्या गावी जाईल तिथं, ती उपाशी, सरपणापाशी बसलेली असते, असं लोक म्हणत. मांडवाच्या मागच्या अंगानं कोणी फिरकत नसे. वारा नसताना, भरदिवसा, त्या ढिगातलं लाकूड सरकलेलं मी स्वतः पाहिलंय. सरडा असेल, म्हणाल तुम्ही. असेल. पण सरड्याला कोणी 'थांब जराशी' म्हणत नाही.

अशीच वर्षं गेली. ऐंशी साल उलटून गेलं असेल. आमच्याकडच्याच शहापूरच्या बाजूला एका मंडईत मी डोमाजीच्या चुलीशी बसून वडे हाणत होतो. चिखल्याच्या मॅंगनीज खाणीतला एक कामगार बायको-पोरांना घेऊन आला. बाईचा पदर हनुवटीपर्यंत. मंडळी पडद्याआड बसली. डोमाजीनं पान सरकवलं आणि आतून त्या माणसाचा मोकळा आवाज आला :

"घे भागरता, पह्यलं पान तुह्यंच हाये म्हणते हा बुवा!"

डोमाजीचा झारा हवेतच राहिला. कढईतून धूर निघाला, वडे कोळसा झाले.

"काय झालं, डोमाजी?"

"नाव कसं बेधडक घेते पाह्य," तो पुटपुटला.

तळ्यात गेली म्हणतात त्या बाईचं नाव गावात मी हेच ऐकलं होतं. मी म्हणालो, "आत जा न मग!"

"नाही जी. परका माणूस आत जात नाही."

त्यानं जळके वडे फेकले आणि नवे सोडले. मंद आचेवर, एकेक, जसं बाळाला न्हाऊ घालावं तसं. आतून बारीक आवाज आला, "अजून एक दे म्हणाव." त्यानं दिला. पुन्हा मागितला, पुन्हा दिला. नवरा, पोट्टे हात धुऊन बाहेर आले तरी तिचं जेवण चालूच होतं.

"बाप्पा!" नवरा म्हणाला. "घरी चिमणीवानी खाते. आज काय झालं का मालूम!"

शेवटी ती आली. डोमाजीनं सगळ्यांना विचारायचा तोच प्रश्न विचारला. "पोट भरलं का, बाई?"

ती थांबली. पदर काही वर झाला नाही.

"हाव जी," ती म्हणाली. "आज भरलं."

आणि पोरांची बोटं धरून पाळण्याखालच्या गर्दीत गेली. मांडवाबाहेर जेवणारे खोळंबले होते. डोमाजीनं चुलीत घागरभर पाणी ओतलं.

पुढच्या वर्षी मांडव नव्हता. बायका हातगाड्यांच्या आडोशाला उभ्यानं भजी खात होत्या. मी एसटीनं त्याच्या गावी गेलो. गडी खळ्याच्या कडेला बसला होता. मान ताठ, नजर समोर. एकदाही मागे वळला नाही.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अहो, खूश व्हा! जिवंत हाये, सुखात हाये, तुमच्या हातचं पोटभर जेवून गेली. अजून काय पाह्यजे माणसाले?"

डोमाजीनं धानाच्या रचलेल्या पुंजण्यातून एक लोंबी ओढून हातावर चोळली.

"हाव जी," तो म्हणाला. "पण उपाशी होती तवरी माह्याजवळ होती, मास्तर."