टोपण काढलेला कॅन

हौसाआत्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वरून. म्हणजे मी विहिरीच्या काठावर उभी होते आणि त्या खाली, पाण्याच्या मधोमध उताण्या पडलेल्या होत्या. लग्न होऊन निमगाव सावात येऊन मला जेमतेम महिना झाला होता. सासूबाईंनी शेतावर भाकरी पोचवायला पाठवलं होतं. वाटेतल्या विहिरीतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला, म्हणून मी वाकून पाहिलं. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या, पन्नाशीच्या एक बाई पाण्यावर अशा निवांत पडल्या होत्या, जणू दुपारचं जेवून ओसरीवर लवंडल्या आहेत. माझी सावली तोंडावर पडली असावी. एक डोळा किलकिला करून त्या म्हणाल्या, "वाकू नको गं, पडशील. आन् पडायचंच आसंल तर भाकरी काठावर ठेवून पड."

त्याच हौसाआत्या आता पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने मला 'आत्यांचे कार्य' या विषयावर लिहायला सांगितलं. मी शाळेत मराठी शिकवते, तेव्हा निबंधाला मी भीत नाही. पण आत्यांपुढे 'कार्य' म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, "कुणाच्या घरचं? जेवायला बोलावलंय का?" म्हणून सरळच सांगते. आपल्या शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीत आत्यांनी या भागातल्या मुलींना आणि बायकांना पोहायला शिकवलं. फी नाही, पाटी नाही, प्रमाणपत्र नाही. दुपारी भाकरी खाऊन घटकाभर झाली की त्या विहिरीवर जायच्या आणि येईल तिला पाण्यात घ्यायच्या.

आत्या मूळच्या याच गावच्या लेक. यजमान लवकर गेले, तेव्हा लहानग्या विलासला घेऊन त्या माहेरी आल्या. थोरल्या भावाने विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा त्यांना दिला. गावची लेक गावातच राहिली, म्हणून त्या सगळ्या गावच्या आत्या झाल्या. त्या स्वतः पोहायला शिकल्या तिशी उलटल्यावर, त्या भावाकडूनच. गाव पोट धरून हसलं होतं म्हणे. का शिकलात, असं मी एकदा विचारलं. आत्या सहसा दुःखाच्या गोष्टी सांगत नाहीत, पण ही सांगितली. त्यांच्या सासरी काशी नावाची मैत्रीण पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली. "वर आमी चारचौघी उभ्या. एकीला बी पवता येईना. आमी नुसत्या वरडत व्हतो." मग त्या म्हणाल्या, "पाणी भरायचं बायांनी, आन् पाण्याला भ्यायचं बी बायांनीच. ह्यो कुठला न्याय?"

आत्यांची शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची आहे. पहिले काही दिवस हातपाय मारायला सक्त बंदी. पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधायचा आणि नुसतं उताणं पडायचं. घाबरलेल्या बाईच्या मानेखाली आत्यांचा हात असायचा. "मी हाय. तू फकस्त पड. पाणी उचलाया तयार हाय, तूच आडवी येतीस." अंग सैल पडलं की मग हात, मग पाय, मग पहिल्यापेक्षा लहान कॅन. आणि मग एक दिवस आत्या कॅन बांधायच्या, पण त्याचं टोपण गुपचूप काढून घ्यायच्या. बिचारी शिकणारी विहिरीला चक्कर मारून धापा टाकत पायरीला लागायची. तेव्हा आत्या मूठ उघडून टोपण दाखवायच्या. "कॅन कवाच भरला पाण्यानं. तू तुझ्या जिवावर आलीस." माझ्या वेळी ते टोपण पिवळं होतं. ते पाहून मी पायरीवर बसून रडले. आत्या म्हणाल्या, "रडून विहीर भरू नको. कालव्याचं पाणी पुरंसं हाय." ही युक्ती एव्हाना सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. तरी प्रत्येकीला वाटतं, आपलं टोपण अजून लावलेलंच आहे.

हे सगळं सुखासुखी झालं असं कुणी समजू नये. शेजारच्या मळ्यातले बाळूभाऊ एकदा ट्रॅक्टर बांधावर उभा करून तरातरा आले. त्यांची सुरेखा आईला सांगून, पण बापाला न सांगता पाण्यात उतरली होती. "आत्या, पोरींनी हिरीत उड्या मारायच्या? लोक काय म्हणतील?" आत्या पाण्यातूनच म्हणाल्या, "लोक काठावर उभं राहून बघत्यात, बाळू. बुडताना बी तसंच बघत्यात. तुला एवढीच काळजी आसंल तर त्या लिंबाखाली हिकडं पाठ करून बस, आन् कुणी गडी आला तर हाकल." बाळूभाऊ तणतणत लिंबाखाली बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. पुढे सुरेखाच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी पाहुण्यांना छाती फुगवून सांगितलं, "पोरीला सैपाक बरा येतो, राव. पवणं मात्र लई भारी येतं." पाहुणे गोंधळले, पण सोयरीक झाली.

आत्यांकडून मी पोहणं शिकले ते विहिरीत, पण त्याचा उपयोग कळला तो आळेफाट्यावर. मला नाशिकला प्रशिक्षणाला जायचं होतं, आत्यांना संगमनेरला भाचीकडे. एसटीचा पत्ता नव्हता. मी दर दोन मिनिटांनी रस्त्यापर्यंत धावत जात होते, चौकशीच्या खिडकीवर डोकावत होते आणि प्रत्येक ट्रककडे आशेने बघत होते. आत्यांनी पिशवी उशाला घेतली आणि त्या बाकड्यावर चक्क आडव्या झाल्या. मला म्हणाल्या, "आगं मास्तरीण, एसटी तू वढून आणणार हाय का? आत्ताच हात मारून दमलीस, तर ती आल्यावर चढायला बळ कुठलं?" मी मुकाट्याने शेजारी बसले. एसटी आली तेव्हा अख्ख्या स्टँडवर ताज्यातवान्या अशा आम्ही दोघीच होतो, त्यामुळे जागाही मिळाली. तेव्हापासून शाळेत, घरात, दवाखान्याच्या रांगेत, माझा जीव वरखाली व्हायला लागला की मी मनातल्या मनात उताणी पडते. सुखाने जगण्याबद्दल मी बरीच व्याख्यानं ऐकली आहेत. त्यांतलं काहीच माझ्या इतकं कामी आलेलं नाही.

मात्र आत्या स्वस्थ पडून राहणाऱ्या आहेत असं कुणाला वाटलं, तर त्याला मी माझे वडील गेले त्या वेळची गोष्ट सांगेन. माझं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. तिथे भात आणि नाचणीची शेती. वडील ऐन आषाढात गेले. आवण तयार होतं, म्हणजे भाताची रोपं लावणीला आली होती. सोयरेधायरे आले, रडले, आपापल्या लावणीच्या ओढीने परत गेले. आई भिंतीला टेकून बसली ती उठेना, बोलेना. दहाव्यानंतर आत्या आल्या. त्यांनी माझ्या आईला त्याआधी पाहिलंही नव्हतं. आल्या, चहा घेतला, काष्टा मारला आणि खाचरात उतरल्या. मी संकोचून अडवायला गेले, तर म्हणाल्या, "रडायला माणसं लई येत्यात. लावणीला कुणी येत न्हाई."

गंमत अशी, की ज्वारी-बाजरीच्या मुलखातल्या या बाईंनी जन्मात भात लावला नव्हता. त्या रोपं चिखलात खोल खुपसत होत्या. आई दारातून बराच वेळ बघत राहिली. शेवटी तिला राहवलं नाही. "आवो बाई, भात लावताय का खांब रवताय? रोप बुडवायचं नसतं. नुसतं टेकवायचं, त्ये आपलं आपण उभं ऱ्हातं." आत्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "मग या की शिकवायला." आई उतरली. वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती त्या चिखलात, आत्यांची वेडीवाकडी ओळ बघून. लावणी उरकेपर्यंत आत्या राहिल्या आणि मग काही विशेष न केल्यासारख्या निघून गेल्या.

गेल्या दिवाळीनंतर आत्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला, जीभ जड झाली. मंचरच्या दवाखान्यातून त्या घरी आल्या, पण आमच्या आत्या काही परत आल्या नाहीत. त्यांनी खाट भिंतीकडे तोंड करून लावायला सांगितली, कारण दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून विहीर दिसते. व्यायामाला दिलेला चेंडू त्यांनी कोपऱ्यात भिरकावला. आम्ही शिष्या पाळीपाळीने जायचो, बोलायचो, त्या नुसत्या ऐकायच्या. विलासभाऊ पिंपरीला असतात. आईचं मन मोडायचं नाही म्हणून इतकी वर्षं त्यांनी हट्ट धरला नव्हता. आता ते गाडी घेऊन आले आणि भीतभीत म्हणाले, "आई, चल माझ्याकडं." आत्या चटकन म्हणाल्या, "ने. हितं आता माझं काय हाय?"

ते वाक्य मला खटकलं. पिंपरीला जाणं वाईट नाही, विलासभाऊ आणि वहिनी लाखमोलाची माणसं आहेत. पण आत्या जात नव्हत्या, त्या सोडून देत होत्या. त्या रात्री मी आईला फोन केला आणि पोटातलं सगळं सांगितलं. सत्तरीला टेकलेली माझी आई दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीने निमगावला हजर. आत्यांच्या खाटेपाशी जाऊन बसली. तब्येत विचारणं नाही, धीर देणं नाही. म्हणाली, "तुमी माझ्या चिखलात उतरला व्हता. मला तुमच्या पाण्यात उतरायचंय. पर शिकवणार कोन?"

आत्यांनी मान वळवली. तोंड वाकडं झालेलं होतं, तरी ते हसू होतं हे आम्हाला कळलं. विलासभाऊंना त्या म्हणाल्या, "दोन दिस थांब."

डॉक्टरांना विचारूनच पुढचं सगळं केलं. विहिरीच्या कोरड्या पायरीवर आत्यांची खुर्ची ठेवली. बाळूभाऊ, आता पार पिकलेले, काठी टेकत आले आणि न सांगता लिंबाखाली पाठ करून बसले. आईच्या पाठीला कॅन बांधून मी तिला पाण्यात घेतलं. तिचं अंग ताठ, मी तिला खांद्यांना धरून ठेवलेलं. एवढ्यात वरून आवाज आला. जड, अडखळता, पण ओळखीचा. "मास्तरीण, मान धर तिची, मान! खांद्याला काय धरलंस, पोतं उचलतीस का?" कित्येक महिन्यांनी बोलणी खाताना मला इतका आनंद झाला, की माझ्या हातून आई सुटायची वेळ आली. थोड्या वेळाने आत्यांनी उजव्या हातातली आपली काठी बाजूला ठेवली. "सरा. तुमच्यानं व्हायचं न्हाई. मला उतरवा."

मी आईला पायरीवर बसवलं आणि आत्यांना एका बाजूने विलासभाऊंनी धरलं, एका बाजूने मी. पाणी कमरेला लागलं आणि आत्या थांबल्या. घाबरलेल्या आत्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. "मी खाली गेले तर?" त्यांनी हळूच विचारलं. मी त्यांच्या मानेखाली हात घातला. म्हटलं, "मी हाय, आत्या. तुमी फकस्त पडा."

विलासभाऊंचे दोन दिवस लांबत गेले. मग दर रविवारी ते गाडी घेऊन यायचे, आईला न्यायला म्हणून, आणि पायरीवरून नुसतं बघून परत जायचे. माझी आई आठवडाआड डोंगरातून यायची. उन्हाळाभर दोन म्हाताऱ्या शेजारीशेजारी कॅन बांधून पाण्यावर पडायच्या आणि सुनांच्या कागाळ्या करायच्या. आत्यांची बोटं हलू लागली, मग हात थोडा उचलू लागला. वैशाखातल्या एका रविवारी मी कॅन बांधत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "टोपण लावलंयस ना?" मला वाटलं, गुरूला चेलीचा भरवसा वाटत नाही. मी म्हटलं, "लावलंय आत्या, तुमची शप्पथ."

"मग काढ."

मी विलासभाऊंकडे पाहिलं. ते आत्यांकडे बघत होते. मग ते वाकले आणि त्यांनीच ते टोपण फिरवून काढलं. कॅन बुडबुडत भरत गेला. आम्ही दोघं हातभर अंतरावर उभे होतो. आणि आत्या, पंचवीसएक वर्षांपूर्वी मी वरून पाहिल्या होत्या तशाच, डोळे मिटून पाण्याच्या मधोमध पडून राहिल्या. संध्याकाळी विलासभाऊ एकटेच पिंपरीला गेले. जाताना खाट त्यांनी स्वतः फिरवून खिडकीकडे लावली.

सत्काराचं ठरलं तेव्हा समितीची मंडळी आत्यांना विचारायला गेली होती. आत्या म्हणाल्या, "शाल नको, टॉवेल द्या." समितीने तो विनोद समजून शालच आणली आहे.

आत्या, अशा लेखाच्या शेवटी उदंड आयुष्य चिंतायचं असतं, आणि ते मी अगदी मनापासून चिंतते. तुमच्या हातापायांत बळ राहो, जिभेची धार आहे तशीच राहो. अजून कितीतरी जणींना मानेखाली तुमचा हात हवा आहे. सत्काराच्या दिवशी शाल तेवढी अंगावर घ्या, फोटो होऊ द्या. टॉवेल माझ्या पिशवीत आहे. आई आदल्या दिवशीच येणार आहे, तिचा कॅन धुऊन ठेवलाय. त्याचं टोपण कुठे आहे, ते मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही.