ते दावं आमचं नव्हतं

"जरा बांधून दाखवा ना, आई. फोटोपुरतंच."

संस्थेच्या मॅडम आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभ्या राहून माझ्या आईला हे म्हणाल्या, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दादा तेरा वर्षांचा. रविवार होता. काजू फॅक्टरी बंद, आई घरात, म्हणून दादा मोकळा होता. पायरीवर बसून चिंचोके एका ओळीत लावत होता. त्याला बांधायचं काही कारणच नव्हतं. मॅडमची नेमकी तीच अडचण झाली.

घरचं सांगते, म्हणजे कळेल.

दादा जन्मला तेव्हा उशिरा रडला. बोलायला लागला तो दोन-चार शब्दांवर थांबला. बाबा मुंबईला एका कँटीनमध्ये कामाला. शिमग्याला यायचे, गणपतीला यायचे. मी सहा वर्षांची असताना काविळीनं तिकडेच गेले. उरलो आम्ही तिघं आणि कातळाच्या कडेचं दोन खोल्यांचं घर. आई सकाळी आठला काजू सोलायला जायची. टरफलाच्या तेलानं तिची बोटं काळी पडलेली. अजूनही काळीच आहेत.

दादाला हॉर्नचं वेड. खाली हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला की तो उठून चालू लागायचा. पहिल्यांदा गुराख्यानं आणून सोडला. दुसऱ्यांदा तो हायवेच्या मधोमध मांडी घालून बसलेला सापडला. एका ट्रक ड्रायव्हरनं त्याला खांद्यावर घालून वर आणला आणि आईला तोंडाला येईल ते बोलला. दुसऱ्या दिवसापासून तिनं दादाला बांधायला सुरुवात केली.

कसं बांधायची तेही ऐका. आपल्या लग्नातल्या साडीच्या तिनं तीन पट्ट्या फाडल्या आणि माझी घालायची तशी त्यांची वेणी घातली. ही वेणी फक्त कमरेला. हाताला नाही, गळ्याला तर नाहीच. दुसरं टोक पडवीच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला. लांबी तिनं चालून मोजली होती. दादा माठापर्यंत पोचला पाहिजे, सावलीत जाता आलं पाहिजे, मोरीपर्यंत जाता आलं पाहिजे. पायरी मात्र ओलांडता येता कामा नये. सकाळी दादा स्वतःच दोन्ही हात वर करायचा. आई मागे गाठ मारायची, त्याच्या गालाला हात लावायची आणि म्हणायची, "येत्ये हां मी." माझी शाळा सकाळची. दीडला मी घरी आले की दप्तर टाकायच्या आधी गाठ सोडायची. ते काम माझं.

तर तो रविवार. मॅडम हापूसच्या बागा असलेल्या जुन्या घरातल्या. दादासारख्या मुलांसाठी त्यांची संस्था, आणि देणगीदारांना दाखवायला फोटो हवा होता. बरोबर एक फोटोवाला. आईनं वेणी आणून दादाच्या कमरेला बांधली. फोटोवाल्यानं कॅमेऱ्यातून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे काही कळत नाही हो. कमरपट्टा घातल्यासारखा दिसतोय. दोरी नाही का?"

आई म्हणाली, "दोरी कशाला? ही मऊ हाय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बाळ, शेजारी गाय आहे ना? जा, तिची दोरी घेऊन ये. पटकन."

आमच्याकडे गुरं नव्हती. मी धावत शेजारी गेले आणि गाईचं दावं घेऊन धावत आले. मोठ्या गाडीतून आलेल्या बाईनं मला काम सांगितलं, याचा मला केवढा आनंद! दाव्याला शेणाचा वास येत होता. आईनं ते माझ्या हातातून घेतलं आणि तशीच उभी राहिली. पाहुणे येणार म्हणून तिनं दादाला धुतलेला शर्ट घातला होता. मॅडमनी तोही काढायला लावला.

दादानं सवयीनं हात वर केले. आईनं दावं बांधलं. फोटो निघाला. आईनं केलेला चहा त्यांनी घेतला नाही, "आत्ताच झाला" म्हणाल्या. शेजाऱ्यांनी उतरवून दिलेली दोन शहाळी मात्र गाडीत ठेवून घेतली.

दादाला संस्थेच्या केंद्रात जागा मिळाली. रोज सकाळी व्हॅन यायची, संध्याकाळी सोडायची. तो तिथे बटणं लावायला शिकला, आपलं ताट धुवायला शिकला. हे खोटं नाही आणि मी ते लपवणार नाही. पण त्याला शिकवलं कुणी? मॅडमनी नाही. तिथे एक मावशी होत्या, त्यांनी. त्यांचं नाव संस्थेच्या एकाही पत्रकात नाही.

पत्रकात होता तो दादाचा फोटो. केंद्राच्या दर्शनी भिंतीवरही तोच, दारापेक्षा मोठा करून लावलेला. उघडा पोरगा, कमरेला दावं, मागे मातीची भिंत. देणगीदार आले की त्यांना आधी त्या फोटोपुढे उभं करायचे. बायका पदर तोंडाला लावायच्या. पुरुष घसा खाकरायचे. मग सगळे जेवायला जायचे. दरवर्षी स्नेहसंमेलनाला आईला पुढच्या रांगेत बसवायचे, आणि त्या बायका माना वळवून वळवून तिच्याकडे बघायच्या. आईला वाटायचं, आपल्या पोराचा एवढा मोठा फोटो लावलाय म्हणून बघतात. ती त्यांच्याकडे बघून हसायची.

मी बी.ए. झाले. आमच्या वाडीतली पहिली. माझी फी भरली काजू सोलणाऱ्या त्या बोटांनी. संस्थेनं मला दिल्या त्या वह्या, आणि त्या वह्यांच्या कव्हरवर एका देणगीदाराचा हसरा चेहरा छापलेला. सात वर्षं मी त्या माणसाच्या तोंडावर नाव लिहून शाळेत गेले. तरी मॅडम माईकवर सांगायच्या, "हिला आम्ही शिकवलं." आणि मी मान डोलवायचे.

मग त्यांनीच मला नोकरी दिली. घरभेटी घ्यायच्या आणि पत्रकं लिहायची. मॅडम म्हणाल्या, "तुझी भाषा काय सुंदर आहे गं! वाटत नाही त्या वाडीतली आहेस." हे ऐकून मला राग यायला हवा होता. मी लाजले.

आणि लिहिलं. काय लिहिलं तेही सांगते, कारण या सगळ्यात माझाही हात आहे. फोटोखाली मी लिहिलं : 'जनावरासारखं दाव्याला जखडलेलं ते बालपण मुक्तीची वाट पाहत होतं.' मॅडमना 'जखडलेलं' फार आवडलं. आईला वाचता येत नाही. पत्रक हातात घेऊन तिनं कौतुकानं विचारलं, "काय लिवलंस गो बाय? वाच बगू." मी वाचून दाखवलं. ते वाक्य गाळून. तिनं पत्रकाची घडी घातली आणि ट्रंकेत माझ्या डिग्रीच्या कागदाखाली ठेवली.

वर्षं गेली. दादा बत्तीस वर्षांचा झाला. दाढी येते, मी आठवड्याला करून देते. केंद्रात तो, त्याच्याहून मोठे चार पुरुष आणि तीन बायका, सगळ्यांना एकच नाव : 'आमची मुलं'. कुणा शेठचा वाढदिवस असला की या बाप्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या चढायच्या. केक कापून होईपर्यंत ताटं थांबायची. शेठना उशीर झाला तर उशिरा जेवण. मी तिथेच असायचे. टोप्या वाटायचे.

केंद्राचा मोठा वर्धापनदिन आला. मुंबईहून एक बडे साहेब प्रमुख पाहुणे. बैठकीत मॅडम म्हणाल्या, "दीपप्रज्वलन सगळेच करतात. आपण वेगळं करू. सुरेशला स्टेजवर दाव्यानं बांधून उभा करू. साहेब येतील आणि गाठ सोडतील. तेच उद्घाटन."

सुरेश म्हणजे दादा.

मी म्हटलं, "दादाला नको, मॅडम."

"अगं, किती एन्जॉय करेल तो! आणि आईंना जुनी साडी नेसून यायला सांग हं."

मी गप्प बसले. नोकरीसाठी, दादाच्या जागेसाठी. कारणं भरपूर होती. कारणं नेहमीच भरपूर असतात.

आदल्या दिवशी दुपारी हॉलवर तालीम. आई आली ती आपली चांगली हिरवी साडी नेसून. जुनी नेसून ये, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. तेवढंच काय ते माझं बंड. स्टेजवर थर्मोकोलचा खांब, त्याला लाकडाचा रंग. शिपायानं बाजारातून नवंकोरं दावं आणलं होतं. ते बघितलं आणि दादानं दोन्ही हात वर केले. एकोणीस वर्षांनी. कुणी न सांगता. आणि वळून आईला शोधायला लागला, गालाला हात लावायला ती कुठे आहे म्हणून.

"बघा, कित्ती शहाणा आहे!" मॅडम म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शिपायानं दावं बांधलं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं माईकवर माझं वाक्य वाचलं. "जनावरासारखं दाव्याला जखडलेलं ते बालपण..." हॉल रिकामा, आवाज घुमला. आई तिसऱ्या रांगेत होती. ती उठून उभी राहिली. मॅडमकडे तिनं बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं.

"ह्ये तू लिवलंस?"

मी मान डोलवली.

"मी दाव्यान नाय बांधला त्याला. तुला ठावं हाय. सोडायचीस तू."

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. मी तिला इतकी वर्षं सोबत घेऊन त्या फोटोसमोर बसवत होते आणि ती हसत होती, ते सगळं तिच्या तोंडावर एकदम आलं. मी वाचताना गाळलेलं वाक्य तिला सापडलं होतं.

मी स्टेजवर चढले. दादाच्या मागे गेले. दीड वाजता सोडायचे तशी गाठ सोडली. मग दावं मॅडमच्या समोरच्या टेबलावर ठेवलं.

"मॅडम, फोटोतलं ते दावं आमचं नव्हतं. तुम्ही शेजारून आणायला लावलंत. आणलं मी."

"अगं, इतक्या वर्षांनी काय हे? तपशील महत्त्वाचा की भावना?"

"तपशील."

"तुझ्या भावाला इथे घेतलं नसतं तर आज कुठे असता तुम्ही?"

याचं उत्तर आईनं खालून दिलं. "घरात असतो. आमच्या."

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. वर्षानुवर्षं दया करून त्यांना एक सवय लागली होती, की समोरचा माणूस बोलत नाही. "उद्या साहेबांना मी काय सांगू?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "सांगा, सोडायला कुणी बांधलेला मिळाला नाही."

मग त्या जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुरेशची सीट आहे, हे विसरू नकोस."

हा त्यांचा खरा आवाज. माईकशिवायचा. बरं झालं ऐकला.

आई दादाचा हात धरून दारात उभी होती. म्हणाली, "चल गो." आम्ही एसटीनं घरी आलो.

सोमवारी व्हॅन आली आणि न थांबता गेली. वळणावर हॉर्न वाजवून गेली. दादा पिशवी घेऊन उभा होता. पुढचे दोन महिने तो रोज सकाळी पिशवी घेऊन तिथे उभा राहायचा. माझ्या निर्णयाची ती किंमत, आणि ती मी नाही, त्यानं भरली. हे मी विसरत नाही. कुणी मला धाडसी म्हटलं की आधी मला ती पिशवी दिसते.

नोकरीचा राजीनामा मी त्यांनी मागायच्या आत दिला होता. मग घरोघर गेले. घरभेटींचे रस्ते मला पाठ होते. खाडीकडच्या नजमाभाभी, त्यांची मुलगी दादाच्या वयाची. त्या म्हणाल्या, "आमच्या पोरीला पण टोपी घालायचे. तिला रबर टोचायचा. मी बोलले नाही कधी." त्या आल्या. आणखी तिघी आल्या. आंब्याच्या कलमांची रोपवाटिका असलेल्या एका बागायतदाराला आम्ही भेटलो. दया नको, काम द्या म्हटलं. पिशव्यांत माती भरायचं काम. एक शेड भाड्यानं घेतली.

आणि आईच्या नावानं संस्थेला एक पत्र लिहिलं. या वेळी सुंदर भाषेत नाही. 'सदर फोटोतील दावे संस्थेच्या सांगण्यावरून शेजारून आणले होते. मी माझ्या मुलाला दाव्याने कधीही बांधलेले नाही. फोटो भिंतीवरून व पत्रकातून काढावा.' आईला सगळं वाचून दाखवलं. एकही शब्द न गाळता. दोनदा. खाली तिनं सही केली. सही करायला ती त्याच आठवड्यात शिकली. अंगठा देणार नाही म्हणाली.

उत्तर आलं नाही. त्या लोकांना आभार घ्यायची सवय, उत्तर द्यायची नाही. म्हणून आम्ही पाचही आया आणि मी, सहाजणी केंद्रात गेलो आणि त्या फोटोखाली बसलो. देणगीदार यायच्या दिवशी. दुपारपर्यंत शिपाई शिडी घेऊन आला.

आता आमच्या शेडमध्ये दादासकट अकराजण काम करतात. माणसं, मुलं नव्हेत. ज्याला भूक लागेल तो जेवतो. बघायला कुणी आलं तर त्याच्या हातात मातीचं घमेलं देतो. काहीजण भरतात. बरेचसे घड्याळ बघून निघून जातात, त्यांनी जावंच. कुणाच्या कमरेला काही बांधून मी कुणाला दाखवणार नाही, आणि कुणाच्या आईबद्दल तिला वाचून दाखवता येणार नाही असं एक अक्षर लिहिणार नाही.

तो फोटो उतरला. आईच्या पत्राची पोच आमच्याकडे आहे, त्यावर संस्थेचा शिक्का आहे. माझ्या आईनं आपल्या मुलाला दाव्यानं बांधलं नाही, हे आता लेखी आहे.