बंद ट्रेलरने नाशिक, उघड्या ट्रेलरने घर

आमच्या घरात लग्नाच्या हॉलवरूनही एवढा वाद झाला नव्हता. प्रश्न साधा होता. नाशिकच्या मातीच्या ट्रॅकवर हौशी लोकांची शर्यत होती, आमची तीस वर्षांची लाल आठशे सीसीची गाडी तिथे न्यायची होती. उघड्या ट्रेलरवर चढवून न्यायची की चारही बाजूंनी बंद असलेल्या?

ही गाडी बाबांची. ठाण्यातल्या कारखान्यात फिटर असताना दर रविवारी त्यांनी बाळकुमच्या नथूकाकांच्या अंगणात ती खोलली आणि जोडली. नथूकाका कोळी, खाडीत होडी चालवायचे, आणि होडीच्या इंजिनापासून सुरू झालेली त्यांची हौस बाबांच्या गाडीत येऊन अडकली. एका बाजूला जाळी वाळायची, दुसऱ्या बाजूला आमचा गिअरबॉक्स. आज त्या जागेवर टॉवर आहे, नथूकाका आणि बाबा त्याच टॉवरमध्ये राहतात आणि गाडी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये उभी असते. बाबांनी शर्यती सोडल्यावर ती मी चालवायला लागले. फार जिंकत नाही, पण शेवटची येत नाही.

आता खरी गोष्ट सांगते. बाबांची नजर चालली होती. मधलं दिसत नव्हतं, कडेकडेचं थोडं दिसायचं, गडद रंग कळायचे. माणसं ते आवाजावरून ओळखतात. जे उरलं होतं तेही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून मी गाडीला नवा लालभडक रंग दिला आणि नाशिकच्या शर्यतीला नाव नोंदवलं. बाबांना ती धावताना एकदा दिसावी, एवढाच हेतू होता.

मला वाटलं होतं, ते उघडा ट्रेलरच मागतील. पूर्वी त्यांनी भंगाराच्या लोखंडातून स्वतः वेल्डिंग करून उघडा ट्रेलर बनवला होता. त्यावर गाडी चढली की आम्ही निघायचो आणि पडघ्यापर्यंत रस्त्यावरची पोरं हात करायची. बाबा नथूकाकांच्या जीपमधून मागे बघत बसायचे, पुढचा रस्ता कमी आणि मागची गाडी जास्त. पण या वेळी ते हटूनच बसले.

"बंद घे. नवा रंग आहे, खडे लागतील. आयुष्यभर उघड्यावर नेली, एकदा तरी इज्जतीत जाऊ दे."

"बाबा, मग तुम्हाला दिसणार कशी?"

"मला काय दिसतंय कुठे," ते म्हणाले आणि विषय संपला.

शुक्रवारी ठाकुर्लीच्या माझ्या घरून निघून मी कल्याणजवळ कोनगावच्या, ट्रेलर भाड्यानं देणाऱ्या यार्डात गेले. ज्यांना असा बेत करायचाय त्यांच्यासाठी: बंद ट्रेलरचं भाडं उघड्याच्या जवळपास दुप्पट पडतं, आणि तो इतका जड असतो की ओढायला दणकट गाडी लागते. आमच्याकडे नथूकाकांची जुनी जीप होती, पाठीमागे समोरासमोर बाक असलेली. फायदे मात्र खरे आहेत. टायर, जॅक, पेट्रोलचे कॅन सगळं आत, बाहेरून कुलूप, रात्री हॉटेलात निवांत झोप. तोटा मला बाळकुमला गाडी चढवल्यावर कळला. गाडी आत गेली, पण तिचं दार उघडायला ट्रेलरच्या भिंतींमध्ये जागाच नाही. मी खिडकीतून बाहेर आले, तेही डोकं आधी आणि पाय नंतर, पूर्ण सोसायटीसमोर.

नथूकाकांनी पट्ट्या आवळल्या, वर होडीचा दोरखंडही बांधला. "आता गारी नाय हलाची," ते म्हणाले. पट्ट्यांवर त्यांचा विश्वास नाही. काकूंनी नेहमीप्रमाणे नारळ फोडला, पण हार घालायला गाडीचं तोंडच बाहेर नव्हतं, म्हणून तो ट्रेलरच्या कडीला अडकवला. बाबांनी हात जोडले, ते कुणाला हे त्यांनाच ठाऊक.

शनिवारी पहाटे बाबा, नथूकाका आणि मी निघालो. माजिवड्याला पुलांच्या आणि खांबांच्या गुंत्यात मी दोनदा चुकीच्या बाजूला लागता लागता वाचले. पुढे महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम, त्यामुळे ट्रेलर घेऊन जाणाऱ्यांनी उजेड व्हायच्या आत भिवंडी ओलांडावी. पूर्वी इथे दोन्ही बाजूंना भातशेती होती, आता गोदामं आहेत. पोरं नव्हती आणि हात करायला कारणही नव्हतं. मागून बघणाऱ्याला आम्ही कुरिअरवाले वाटत असणार.

निघाल्यावर थोड्या अंतरानं थांबून पट्ट्या तपासायच्या, हा नियम दोन्ही ट्रेलरना लागू. उघड्यावर ते काम चहा पिता पिता नजरेने होतं. बंदला कुलूप, कडी, फळी, सगळा सोहळा. पडघ्याला मी तो केला. बाबा काठी टेकत मागे आले, हात आत घालून गाडीचा बंपर चाचपला.

"आहे," ते म्हणाले.

"नाही तर जाईल कुठे, बाबा?"

खर्डीला त्यांना परत बघायचं होतं. कसाऱ्याला मी वडापाव घ्यायला थांबले तर ते आधीच ट्रेलरपाशी. मी चिडले, कारण ती कडी अशी घट्ट होती की माझी नखं गेली. पण प्रत्येक वेळी आत अंधार असायचा आणि ते प्रत्येक वेळी डोकं एका बाजूला कलवून कडेच्या नजरेनं लाल शोधायचे. मला रडू येईल म्हणून मी वडापाव खात राहिले.

घाटात बंद ट्रेलर वारा धरतो, हे लक्षात ठेवा. जीप दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढली. इगतपुरीला गरम भजी खाल्ली आणि दुपारी ट्रॅकवर पोहोचलो. दार उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरले.

काका-काकूंची मुलगी नाशिकला दिलेली आहे. दर वेळी तिच्यासाठी सुके बोंबील आणि जवळा जातो. पूर्वी ते पोतं उघड्या ट्रेलरच्या शेपटीला बांधलेलं असायचं, वास वाऱ्यावर जायचा. या वेळी काकांनी ते प्रेमानं खिडकीतून गाडीतच ठेवलं होतं, घसरू नये म्हणून सीटबेल्ट लावून. शेजारी माझं हेल्मेट. सकाळच्या गारव्यात वास दबून होता, पण आता वर मार्चचं ऊन खात आलेला बंद पत्र्याचा डबा.

"काका!"

"अगो, एवरा वास नाय येत," काका म्हणाले. "चांगला माल हाय."

गाडी तपासायला आलेल्या माणसानं खिडकीतून डोकं आत घातलं आणि तितक्याच वेगानं बाहेर काढलं. "मॅडम, गाडी पास. पण तुम्ही आत बसणार कशा?" बसले. शर्यतीच्या तिन्ही फेऱ्या मी बोंबलाच्या वासात मारल्या आणि श्वास घ्यावा लागू नये म्हणून की काय, आजवरची माझी सगळ्यात चांगली वेळ दिली. तरी नंबर आला नाही.

हेल्मेट काढून धावत बाबांकडे गेले. ते ट्रॅकच्या कडेच्या दोरीला धरून उभे होते.

"दिसली?"

"धूळ फार होती गं. दोन गाड्या गेल्या, त्यातली दुसरी आपली ना? इंजिनाचा आवाज ओळखला मी."

आपली पहिली होती. मी हो म्हटलं. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते धुळीत गेलं होतं.

रविवारी सकाळी शेजारच्या तंबूत डोंबिवलीची दोन मुलं डोक्याला हात लावून बसलेली दिसली. त्यांची गाडी शेवटच्या फेरीत उलटली होती. पोरं धडधाकट होती, पण गाडीच्या काचा नव्हत्या, एक दार लोंबत होतं, बॉनेट बाजूला पडलं होतं. ओढणारी गाडी दणकट, पण ट्रेलर उघडा.

"ताई, हे असं नेलं तर हायवेवर पार्ट उडत जातील ना. पोलीस सोडेल काय आपल्याला?"

ट्रेलर कुठला म्हणून विचारलं, तर आमच्याच यार्डातला. मी यार्डवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, भाडं ज्याचं त्यानं द्यायचं, वस्तू परत आली म्हणजे झालं. मी बाबांना सांगितलं नाही, विचारलंही नाही. मुलांची मोडकी गाडी बंद ट्रेलरमध्ये गेली आणि आमची लाल उघड्यावर चढली. दार उघडून, सरळ, माणसासारखी मी तिच्यातून उतरले.

नथूकाकांनी जीपची मागची ताडपत्री गुंडाळली आणि बाबांना मागच्या बाकावर बसवलं. समोर दोन हातांवर गाडीचं तोंड, त्यावर सकाळचं ऊन.

बाबांनी डोकं कलवलं.

"नथ्या, लाल दिसतंय रे."

"दिसनारच. कवरा भरक रंग मारलाय पोरीनं."

मी जीप चालवत होते आणि आरशातून त्यांची पाठ बघत होते. इगतपुरीला थांबू का विचारलं, नको म्हणाले. कसारा घाटात वळणावर गाडी सावलीत गेली की गप्प व्हायचे, उन्हात आली की "आली" म्हणायचे. शहापूरजवळ टेम्पोतली पोरं गाडीकडे बघून ओरडली, तेव्हा बाबांनी हात केला, चुकीच्या दिशेला. भिवंडीच्या आधी एका डंपरमधून खडी उडाली आणि ताडताड आवाज आला. मी शिवी दिली. बाबांनी वळूनही पाहिलं नाही.

आता तुम्ही विचाराल, मग घ्यावा कुठला? नवा रंग, लांबचा प्रवास, रात्रीचा मुक्काम असेल तर डोळे झाकून बंद घ्या. सुकी मासळी मात्र बाहेर बांधा. गाडी साधी आणि रस्ता दिवसाचा असेल तर उघडा पुरतो. हे झालं शहाणपणाचं उत्तर.

या गोष्टीला चार महिने झाले. बाबांना आता रंग कळत नाहीत. परवा मी त्यांना खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. बोटं एकेका टवक्यावर थांबत गेली.

"बरेच खडे लागले की गं."

"परत रंग देते, बाबा. पुढच्याच महिन्यात."

"तुला बघायची असेल तर दे," ते म्हणाले. "माझी बघून झाली."